आभाळ नागपूरला न्या, टॉवर उजळाईवाडीतच राहू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमानतळ प्राधिकरण, राजीव गांधी भवन, नवी दिल्ली
तसेच केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : हवाई वाहतूक नियंत्रणाचं एकत्रीकरण आणि कोल्हापूरच्या उजळाईवाडीसारखे विमानतळ

सप्रेम नमस्कार.

मीही कंट्रोलर होतो. विमानांचा नव्हे, एसटीचा. नोकरीची तीस वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात काढली, त्यातली शेवटची अकरा वेगवेगळ्या स्टँडच्या केबिनमध्ये, माईकसमोर. तुमच्याकडच्या माणसाच्या हुद्द्यात 'वाहतूक नियंत्रक'च्या आधी 'हवाई' लागतं आणि पगारपत्रकावरचा आकडा जरा भरघोस असतो. बाकी जात एकच. कुठली गाडी सोडायची, कुठली थांबवायची, आणि चुकलं तर पहिली शिवी कुणी खायची.

एक संध्याकाळ सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते लवकर कळेल. तेव्हा गगनबावड्याला होतो. जुलै महिना, चार दिवस पाऊस लागून राहिलेला. करूळ घाट चढून एक गाडी स्टँडात आली. वेळेवर होती. ड्रायव्हरनं काही तक्रार केली नाही, उतरला आणि चहाला गेला. माझी नजर मागच्या चाकाकडं गेली. चिखल तर रोजचाच, पण हा ताजा, लालभडक होता आणि मडगार्डच्या आत मुरमाच्या खड्यांसकट थापलेला. रस्त्याचा चिखल काळपट असतो, हा डोंगराचा होता. ड्रायव्हरला चहाच्या गाड्यावरून परत बोलावलं. "दरड हाय व्हय रं कुठं?" तर म्हणाला, "लई न्हाई ओ, जराशी माती आलीया, बाजूनं काढली गाडी." वैभववाडीकडं उतरणारी गाडी भरून सुटायच्या बेतात होती. ती थांबवली, फोनाफोनी केली. अर्ध्या तासानं निरोप आला, घाट बंद.

यात माझी काही हुशारी नव्हती. मी तिथं होतो, एवढंच.

आता तुमच्या विषयाकडं येतो. माझा पुतण्या तुमच्याच प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रक आहे, दुसऱ्या राज्यात. गणपतीत घरी आला होता. मोदक खाता खाता त्यानं मला 'ईशान' समजावलं. आज देशाचं आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई असं चार ठिकाणांहून सांभाळलं जातं, शिवाय गुवाहाटीचा एक उपविभाग आहे. ते सगळं एका छत्राखाली आणून नागपुरातून चालवायचं, अशी ही योजना. तिचा सविस्तर आराखडा करून घेण्यासाठी तुम्ही २०२४ मध्ये सल्लागारांना बोलावणं धाडलंत.

या योजनेला माझा विरोध नाही, उलट पाठिंबा आहे. पस्तीस हजार फुटांवरून दिल्लीहून चेन्नईला निघालेल्या विमानाला हद्दीगणिक नवा आवाज, नवी फ्रिक्वेन्सी कशाला? त्या उंचीवर सगळे जण रडारच्या पडद्यावरच बघतात. पडदा मुंबईत असला काय आणि नागपुरात असला काय. रस्ते सरळ होतील, इंधन वाचेल. शिवाय नागपूर आपलंच, तिथं चार नोकऱ्या येणार असतील तर कोल्हापूरकराच्या पोटात दुखायचं कारण नाही.

माझी भीती पुढच्या पायरीची आहे. एकत्रीकरण हा शब्द एकदा फायलीत शिरला, की ओसरीवर थांबत नाही. आधी वरचं आकाश, मग ॲप्रोच म्हणजे विमान खाली उतरत येतं तो टप्पा, आणि शेवटी टॉवर, म्हणजे धावपट्टी समोर ठेवून विमान उतरवणारी-सोडणारी खोली. टॉवरच्या जागी खांब उभा करायचा, त्यावर कॅमेरे बसवायचे आणि शंभर-पाचशे किलोमीटरवरच्या खोलीत माणूस पडद्यांसमोर बसवायचा. याला रिमोट टॉवर म्हणतात. कोल्हापूरच्या टॉवरवर कुणी बोट ठेवलंय, असा माझा आरोप नाही. बोट ठेवल्यावर पत्र लिहून उपयोग नसतो, हे तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत शिकलो, म्हणून आधी लिहितोय.

हे तंत्र चालत नाही असंही म्हणत नाही. स्वीडनमधल्या ओर्नशोल्डस्विक या छोट्या विमानतळाचं नियंत्रण २०१५ पासून सुंड्सवाल शहरातल्या केंद्रातून होतं. लंडन सिटी तर गजबजलेला विमानतळ, त्याची विमानं २०२१ पासून स्वॉनविक नावाच्या गावातून हाताळतात. रात्री आणि धुक्यात कॅमेऱ्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं, हे पुतण्याही कबूल करतो.

पण छोट्या विमानतळाच्या बाबतीत हा निर्णय तंत्रज्ञ घेत नाही, हिशेबनीस घेतो. उडान योजनेतल्या विमानांकडून तुम्ही टॉवरच्या सेवेचा, म्हणजे उतरतानाच्या दिशादर्शनाचा आकार घेत नाही. धोरण चांगलं आहे, त्याच्याच जोरावर आमचं विमानतळ पुन्हा जागं झालं. मधली काही वर्षं इथून एकही नियमित विमान उडत नव्हतं, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की दिल्लीतल्या ताळेबंदात आमचा टॉवर हा नुसता खर्चाचा रकाना. जमा नाममात्र, नावे अमुक इतके पगार. असा रकाना बघून कुठल्याही साहेबाचा हात शिवशिवतो. एसटीतही आमच्यासारख्या केबिनींकडं बघून शिवशिवायचा.

म्हणून त्या रकान्यात न दिसणारं थोडं सांगतो.

फेब्रुवारी-मार्चला या भागात ऊसतोड संपत आलेली असते. तोडलेल्या फडात पाचट पसरलेलं असतं आणि संध्याकाळी वारा पडला की कुणीतरी काडी लावतो. लावू नका म्हणून कृषी खातं घसा कोरडा करतं, तरी लावतात. दहा मिनिटांत धुराचा पट्टा जमिनीलगत सरकायला लागतो. माझ्या गच्चीवरून तो रोज दिसतो, आणि कुठला धूर पाचटाचा, कुठला गुऱ्हाळाचा, कुठला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या भट्टीचा, हे इथं दोन वर्षं राहिलेला माणूस रंगावरून सांगतो. गुऱ्हाळाचा धूर एका जागी उभा राहतो; पाचटाचा चालत येतो. कॅमेऱ्याला धूर दिसेल, नक्की दिसेल. तो पंधरा मिनिटांनी कुठं असेल आणि त्यासाठी कुठल्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावायचा, हे कॅमेरा कसं सांगणार? पावसाचंही तेच. पन्हाळ्याच्या अंगाला आभाळ कसं काळवंडलं की किती वेळात सर येते, याचे ठोकताळे इथल्या कुठल्याही भाजीवालीला विचारा.

पुतण्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. टॉवरमध्ये एक सिग्नलची बत्ती असते, बंदुकीसारखी हातात धरायची. विमानाचा रेडिओ बंद पडला तर कंट्रोलर ती वैमानिकावर रोखतो. स्थिर हिरवा म्हणजे उतर. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे, घिरट्या घालत राहा. लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ धोक्याचं आहे, उतरू नकोस. रेल्वेचा गार्ड शिट्टी आणि झेंडी बाळगायचा तसंच. सॅटेलाइटच्या जमान्यातही शेवटचा भरवसा काचेपलीकडं बघणाऱ्या माणसाच्या मनगटावर ठेवलाय. रिमोट टॉवरच्या खांबावरही अशी बत्ती बसवता येते म्हणे. पण ती पेटवणारी आज्ञा ज्या तारेतून येणार, ती तारच तुटली तर?

तार तुटते, साहेब. अमेरिकेसारख्या देशात तुटते. नेवार्क विमानतळाकडं येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचं रडार नियंत्रण न्यूयॉर्कच्या केंद्रातून होत असे. तिथं माणसं पुरेनात, म्हणून जुलै २०२४ मध्ये ते काम फिलाडेल्फियाला हलवलं. रडारची माहिती मात्र न्यूयॉर्ककडूनच तारेनं येत राहिली. २८ एप्रिल २०२५ ला ती जोडणी गेली. सुमारे ९० सेकंद पडदे काळे, कानातला आवाज बंद. अपघात झाला नाही. पण त्या खोलीतले काही कंट्रोलर मानसिक धक्क्यामुळं रजेवर गेले आणि पुढचे कित्येक दिवस नेवार्कचं वेळापत्रक कोलमडलं. ९० सेकंद म्हणजे किती? उतरायला आलेलं विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात असतं. तेवढ्या वेळात ते सहा किलोमीटर पुढं सरकतं, म्हणजे राजारामपुरीपासून धावपट्टीपर्यंत.

दिल्लीचं तर तुम्हाला सांगायला नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्लाइट प्लॅनचे संदेश पोचवणारी यंत्रणा बिघडली, कंट्रोलरना ते काम हातानं करावं लागलं आणि शेकडो विमानं रखडली. हातानं का होईना झालं, कारण हात तिथं होते.

आता कोल्हापूरचा पूर. खरं तर सगळं पत्र याच्यासाठीच लिहितोय.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला. ट्रकांच्या रांगा लागल्या, शहरात पेट्रोल मिळेना, दूध मिळेना. विजेची उपकेंद्रं पाण्यात. माझ्या थोरल्या बहिणीचं घर नदीकाठच्या भागात, तिचा फोन दीड दिवस लागला नाही, आणि जेव्हा लागला तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली, "लोणच्याची बरणी वाचली बघ." आमची उजळाईवाडी उंचावर, विमानतळही समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. बाकी सगळ्या बाजूंनी जिल्हा तुटला होता तेव्हा हीच एक जमीन कोरडी होती. मदतीची हेलिकॉप्टरं इथूनच ये-जा करत होती. मी गच्चीवर उभा राहून मोजायचा प्रयत्न केला, नंतर सोडून दिला.

त्या आठवड्यात हा टॉवर दुसऱ्या शहरातून चालत असता तर काय झालं असतं? कॅमेऱ्यांचं चित्र फायबरच्या केबलमधून जाणार. केबल रस्त्याच्या कडेनं टाकतात, नदी पुलावरून ओलांडतात. म्हणजे ज्या दिवशी कोल्हापूरला विमानतळाची सर्वात जास्त गरज, त्याच दिवशी केबल पाण्यात. दोन वेगळ्या मार्गांनी केबल टाकू, असं तुमचे अभियंते म्हणतील. टाका की. पण पुण्याकडचा मार्ग असो की बेळगावकडचा, मोठ्या पुरात दोन्हींकडं पाणी असतं, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. आणि तुमचा पर्यायी मार्ग खरोखरच वेगळा आहे की पुढच्या चौकात त्याच चरात जाऊन पडलाय, हे केबल तुटेपर्यंत कुणाला कळत नाही.

दुसरा धोका नंबर लागण्याचा. नॉर्वेत बोडो शहरातल्या एका केंद्रातून कितीतरी छोटी विमानतळं चालवायची योजना पुढं गेलेली आहे, आणि एकाच माणसानं एकाहून जास्त विमानतळ बघायचे, असाही त्यात विचार आहे. हे पैशाच्या दृष्टीनं बरोबरच. छोट्या विमानतळावर कंट्रोलर बराच वेळ रिकामा असतो. मीही दुपारी दोन ते तीन पेपरातलं शब्दकोडं सोडवायचो. पण आमचं मुंबईचं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं आणि त्याच वेळेला त्या माणसाच्या दुसऱ्या पडद्यावर दुसऱ्या गावचं विमान असलं, तर घिरट्या कोण घालणार? उत्तर तुम्हालाही माहीत आहे. ज्याच्या विमानात माणसं कमी, तो.

याचा अनुभव आम्ही जमिनीवर घेतलेला आहे. कुणाचं ते नाव घेत नाही, पण आमच्याकडं एका सेवेची तक्रार पूर्वी गावातल्या ऑफिसात करायची. फोनवर "ओढ्याकडच्या डीपीवर फांदी पडलीया" एवढं म्हटलं की वायरमन सायकलवर निघायचा. नंतर सगळं एकत्र केलं, एकच नंबर, चोवीस तास. गेल्या वळवात फांदी पुन्हा पडली. मी फोन लावला. तिकडची मुलगी फार गोड बोलली. आधी ग्राहक क्रमांक, मग पिनकोड, मग म्हणाली, "सर, उजळाईवाडी कुठल्या तालुक्यात येते?" करवीर म्हटलं. "सर, करवीर जिल्हा लिस्टमध्ये नाहीये." तक्रारीचा नंबर लगेच मोबाईलवर आला. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मुलीची चूक काहीच नव्हती. तिला ओढा दिसत नव्हता.

हीच भांडणं स्कॉटलंडमध्ये झाली, म्हणून तो दाखला तुमच्या टेबलावर ठेवतो. तिथल्या बेटांवरची आणि मुख्य भूमीवरची काही विमानतळं हायलँड्स अँड आयलंड्स एअरपोर्ट्स ही सरकारी मालकीची कंपनी चालवते. स्टॉर्नोवे, कर्कवॉल, सम्बर्ग, डंडी यांचे टॉवर बंद करून सगळा कारभार इनव्हरनेसला न्यायचा, आणि बेनबेक्युला व विक इथं नियंत्रणाऐवजी नुसती माहिती द्यायची, असा तिचा बेत होता. कंट्रोलर २०२१ मध्ये संपावर गेले. पण मला त्यातली मोलाची गोष्ट वेगळी वाटते. स्कॉटलंडमध्ये २०१८ चा एक कायदा आहे : बेटांवर परिणाम करणारा निर्णय घ्यायचा तर त्याचा तिथल्या लोकांवर काय परिणाम होईल, हे तपासायचं. तपासलं, तेव्हा उघड झालं की बेटांवरच्या चांगल्या पगाराच्या, शिकलेल्या लोकांच्या नोकऱ्या जाणार आहेत. पुढं रिमोट टॉवरचा बेत गुंडाळला.

आमच्याकडं नोकऱ्यांचा आकडा लहान आहे, मान्य. पण शिवाजी विद्यापीठातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेल्या पोराला कोल्हापुरात राहून करण्यासारख्या नोकऱ्या तरी कितीशा आहेत?

पुतण्याशी माझा वाद झाला, तोही प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हणालो, खासबागेत कुस्ती चाललीय आणि पंच नागपुरात टीव्हीसमोर बसलाय, असं चालेल का? (तुमच्या मंत्रालयाचे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळसाहेबांनी कोल्हापुरात तालीम केलेली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.) तर पोरगा हसला. म्हणाला, "काका, क्रिकेटमध्ये थर्ड अंपायर टीव्हीवरच बघतो की. आणि मैदानातल्यापेक्षा बरोबर निर्णय देतो." क्षणभर गप्प झालो. मग सुचलं. थर्ड अंपायर आला म्हणून मैदानातले दोन अंपायर काढून टाकले का? कॅमेरे लावा, इन्फ्रारेड लावा, आमच्या टॉवरमधल्या माणसाला चार डोळे जास्त द्या. रात्री दहानंतर एखादी एअर ॲम्ब्युलन्स यायची असेल आणि इथली ड्युटी संपली असेल, तेव्हा दुरून चालवा, मी टाळ्या वाजवीन. चिपी किंवा सोलापूरसारख्या ठिकाणी, जिथं दिवसाची उड्डाणं बोटावर मोजण्याइतकी, तिथं या सोयीनं विमानतळ जास्त तास उघडं राहत असेल तर तेही करून बघा. माझं भांडण कॅमेऱ्याशी नाही.

छत्रपती राजाराम महाराजांनी हे विमानतळ १९३९ मध्ये सुरू केलं. अलीकडं धावपट्टी १,९३० मीटरपर्यंत वाढली. उजळाईवाडी, तामगाव, गडमुडशिंगीच्या लोकांनी त्यासाठी जमिनी दिल्या, काहींनी खुशीनं, काहींनी कुरकुरत. नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला पंतप्रधानांनी आझमगडहून दूरदृश्य प्रणालीनं केलं. फीत दुरून कापली तरी चालते, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही.

तुमच्याकडं मागणं असं. वरच्या आकाशाचं काय ते खुशाल करा. पण ॲप्रोच किंवा टॉवर हलवायचा विचार आला, तर निर्णयाच्या आधी त्याचा परिणाम तपासणारा अहवाल काढा आणि तो मराठीत द्या. त्यात पुराचा आठवडा धरा. सरासरी दिवसाचं गणित आम्हाला नको. केबलचे दोन्ही मार्ग नकाशावर दाखवा, कुठल्या पुलावरून जातात आणि त्या पुलावर २०१९ ला किती पाणी होतं तेही लिहा. संपर्क तुटल्यावर किती मिनिटांत इथं प्रत्यक्ष माणूस टॉवरमध्ये चढेल आणि तो त्या दिवशी कुठं राहत असेल, हे नावानिशी नको, पण पत्त्यानिशी हवं. मुंबईत राहणारा माणूस शिरोलीच्या पाण्यातून पोचणार नाही.

आणि सुनावणी इथं घ्या. उच्च न्यायालय कोल्हापुरात यावं म्हणून कोल्हापूर आणि आसपासच्या अशा सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार चाळीसहून जास्त वर्षं भांडले; १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा भाऊसिंगजी रोडवर पेढे वाटले. एक गोष्ट इकडं आणायला आम्हाला चाळीस वर्षं लागतात. दुसरी न्यायची झाली तर निदान चाळीस दिवस आधी कळवा.

तारीख ठरली की सांगा. मार्च किंवा एप्रिलची संध्याकाळ ठेवलीत तर उत्तम, पाचटाचा धूर तुम्हाला माझ्या गच्चीवरूनच दाखवता येईल. खुर्च्या आणि चहाचं मी बघतो.

आपला,
उजळाईवाडीतला एक निवृत्त वाहतूक नियंत्रक